एका सांध्याचा इतिहास

मोटारीचें इंजिनकाम नुकतेंच झालेलें असतें. सिलिंडर घासून रुंद केलेले, नवे पिस्टन बसविलेले, दाब वाढविलेला. पूर्वीपेक्षां दहावीस घोडे अधिक मिळाले म्हणून मालक खुषींत असतो. आणि हजार किलोमीटर होतात न होतात तोंच रेडिएटरांत बुडबुडे येऊं लागतात, पाणी कोठें जातें तें कळत नाहीं, आणि तेलाच्या काडीवर दुधावरच्या सायीसारखा पांढुरका थर दिसूं लागतो. कारखान्यांतील मिस्त्री एका वाक्यांत निकाल देतो : “हेडचें पॅकिंग गेलें.” नवें पॅकिंग येतें, बसतें, आणि कित्येकदां तेंही पहिल्याच्या वाटेनें जातें. मग पॅकिंग करणाऱ्या कंपनीला शिव्या बसतात. आमचें म्हणणें असें आहे कीं, या प्रकरणांत पॅकिंग हा बहुधा गुन्हेगार नसून साक्षीदार असतो. आणि हें म्हणणें पटवून देण्यास या सांध्याचा गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांचा इतिहास सांगण्यासारखा दुसरा मार्ग नाहीं. हा इतिहास वाटतो तितका रुक्षही नाहीं. त्यांत एका शेतकऱ्याच्या सोयीपासून एका राष्ट्राच्या जीवनमरणापर्यंत सर्व कांहीं आहे.

ज्यांनीं मोटारीच्या बॉनेटखालीं कधीं डोकावून पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं प्रथम चार शब्द सांगणें अवश्य आहे. ज्या ठोकळ्यांत सिलिंडर असतात तो ब्लॉक. त्यावर झांकणासारखें बसतें तें हेड. हेडमध्यें झडपा असतात, म्हणजे बहुतेक आजच्या इंजिनांत तरी असतात, आणि त्याच्या पोटांतूनच थंड करणारें पाणी व वंगणाचें तेल फिरत असतें. ब्लॉक व हेड यांच्या मध्यें जो पातळ पत्रा घालतात त्याला शास्त्रांत गॅस्केट व आमच्याकडील कारखान्यांत पॅकिंग म्हणतात. या बिचाऱ्या पत्र्याकडे एकाच वेळीं तीन कामें सोंपविलेलीं असतात. स्फोटाचा वायु बाहेर जाऊं द्यावयाचा नाहीं, पाणी आंत येऊं द्यावयाचें नाहीं, आणि तेल व पाणी यांची गांठ पडूं द्यावयाची नाहीं. या कामाचें वजन किती तें एका हिशेबानें कळेल. ८६ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडराचें तोंड सुमारें ५८ चौरस सेंटिमीटर भरतें. स्फोटाचा दाब दर चौरस सेंटिमीटरास ७० किलो धरला तर हेडला वर उचलूं पाहणारा जोर चार टनांच्या घरांत जातो. आणि इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरांत हा धक्का सेकंदाला पन्नास वेळां बसतो. इंजिनांत जबरीनें हवा कोंबून दाब १२० किलोंवर नेला कीं तेच चार टन सात होतात. बोल्ट मात्र तेवढेच राहतात!

हा सगळा खटाटोप हवाच कशाला, ब्लॉक व हेड एकसंध कां ओतूं नयेत, असें वाचकांपैकीं कोणी विचारील तर तो प्रश्न अगदीं योग्य आहे. प्रारंभीच्या बहुतेक मोटारींत तसेंच होतें. सिलिंडर एकेक किंवा जोडीजोडीनें माथ्यासकट ओतीत, आणि झडपांपर्यंत पोंचण्यासाठीं वर आट्यांचीं झांकणें ठेवीत. गळण्यास सांधाच नव्हता. परंतु त्या काळच्या इंधनानें व तेलानें सिलिंडराच्या माथ्यांत काजळी फार धरे, ती वरचेवर खरवडावी लागे, आणि त्यासाठीं सारें इंजिन उसवावें लागे. १९०८ सालीं हेन्री फोर्डनें मॉडेल टी ही मोटार काढली, तींत चारहि सिलिंडर एका ब्लॉकांत ओतून वर सुटें हेड बसविलें. आतां खेडेगांवांतला शेतकरीसुद्धां आपल्या गोठ्यासमोर एका पान्यानें हेड उघडून काजळी खरवडूं लागला. तांब्याच्या दोन पत्र्यांमध्यें अॅस्बेस्टॉस घालून केलेलें गॅस्केट या कामास पुरेसें होई. पुरेसें होई याचें कारण, तें इंजिन फार सौम्य होतें. सुमारें २.९ लिटरचें असूनही त्याची शक्ति अवघी वीस घोड्यांची, आणि मिश्रण साडेचार पटींहून अधिक कधीं दाबलें जात नसे. सुटें हेड हें दुरुस्तीच्या सोयीसाठीं जन्माला आलें, शक्तीसाठीं नव्हे. पुढील सर्व भांडणाचें मूळ येथें आहे.

कारण ज्यांना शक्ति हवी होती त्यांनीं हा सांधा पत्करण्याचें नाकारलें. १९१२ च्या प्यूजो शर्यतीच्या मोटारीचें इंजिन, ज्याच्यापासून दोन कॅमशाफ्ट व चार झडपांची आजची पद्धति निघाली, एकसंध ओतलेलें होतें. एतोरे बुगाटीचें १९२४ चें सुप्रसिद्ध टाइप ३५ तसेंच. इंग्लंडांत वॉल्टर ओवेन बेंटली हा गृहस्थ आगगाडीच्या कारखान्यांत उमेदवारी केलेला आणि पहिल्या महायुद्धांत विमानांचीं इंजिनें केलेला. त्यानें १९१९ सालीं आपलें तीन लिटरचें इंजिन सिद्ध केलें तेव्हां ब्लॉक व हेड एकाच बिडाच्या ओतींत घेतले. परिणामीं सोळा झडपा घासावयाच्या तर अख्खा ब्लॉक उचलून पिस्टनांवरून काढावा लागे, आणि झडपांपर्यंत खालून, सिलिंडराच्या नळींतून हात घालून पोंचावें लागे. मेकॅनिकांनीं बेंटलीसाहेबांस काय आशीर्वाद दिले असतील ते दिले असतील. पण ल मान्सची चोवीस तासांची शर्यत या मोटारींनीं १९२४ सालीं, आणि मग १९२७ पासून १९३० पर्यंत सलग चार वर्षें जिंकली. चोवीस तास अखंड धांवणाऱ्या इंजिनाला जो सांधा नाहीं तो दगा देऊं शकत नाहीं, हा त्याचा हिशेब सरळ होता. अमेरिकेंत हॅरी मिलर व त्याचे सहकारी लिओ गूसेन आणि फ्रेड ऑफेनहाउसर यांनीं हीच परंपरा चालविली. ऑफेनहाउसरचें चार सिलिंडरांचें एकसंध इंजिन इंडियानापोलिसच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत १९४७ पासून १९६४ पर्यंत दरवर्षीं विजयी झालें. पुढें त्यालाच टर्बो लावून मूळच्या दुपटीहून अधिक शक्ति काढली तरी माथा उचलला जाण्याची भीति नव्हती, कारण उचलला जाण्यास सुटा माथाच नव्हता. आणि १९७६ सालीं त्यानें तेथील शेवटचा विजय मिळविला.

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल कीं एकसंध ओतीव काम हाच या रोगावर रामबाण उपाय. आम्हांसही तो मोह पडला असता; परंतु रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनाची कथा आड येते, आणि ती थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे.

मर्लिन म्हणजे स्पिटफायर व हरिकेन या लढाऊ विमानांचें इंजिन. बारा सिलिंडर, सत्तावीस लिटर. त्याचा पहिला नमुना १९३३ च्या ऑक्टोबरांत चालूं झाला. सर हेन्री रॉइस त्याच वर्षीं एप्रिलांत वारले होते. त्यांना तो पाहावयास मिळाला नाहीं. पहिल्या उत्पादनाच्या इंजिनांत, म्हणजे फेअरी बॅटल विमानांतील मर्लिन १ मध्यें, हेड सुटें होतें व त्याच्या माथ्याची घडण एका बाजूस उतरती अशी नवीन होती. ही घडण फसली. हेडांना तडे जाऊं लागले. तेव्हां कंपनीनें मागें पाऊल घेतलें आणि आपल्या जुन्या केस्ट्रेल इंजिनाप्रमाणें हेड व सिलिंडरांचा ब्लॉक एकाच अॅल्युमिनियमच्या ओतींत केले. हेंच मर्लिन २ व ३. १९४० च्या उन्हाळ्यांत ब्रिटनच्या आकाशांत जें युद्ध झालें तें मुख्यतः याच एकसंध इंजिनांवर लढलें गेलें.

मग सांधा नाहींसा झाला काय? मुळींच नाहीं, तो फक्त दृष्टीआड गेला. अॅल्युमिनियम मऊ असल्यामुळें त्यावर पिस्टन घासवितां येत नाहीं. म्हणून प्रत्येक सिलिंडरांत पोलादी नळी, म्हणजे लायनर, घालावी लागे. ही नळी खालून वर सरकवून तिचें वरचें तोंड हेडच्या माथ्याला दाबून धरीत, आणि नळीच्या बाहेरून पाणी खेळे. स्फोटाचा सगळा मार त्या लपलेल्या कडेवर येई. गळती झाली तर ती बाहेरून दिसत नसे आणि आंत हात पोंचत नसे. शिवाय प्रारंभीं थंड करण्यासाठीं शुद्ध ग्लायकोल वापरीत, व तो पाण्यापेक्षां अधिक तापत असल्यानें धातूंचे ताणही वाढत. पुढच्या इंजिनांत सत्तर भाग पाणी व तीस भाग ग्लायकोल असें मिश्रण दाबाखालीं ठेवूं लागले तेव्हां इंजिन थंड राहिलें आणि बरेंच सुधारलें.

दरम्यान या सांध्यावरील भार वाढतच होता. १९४० सालीं शंभर ऑक्टेनचें पेट्रोल मिळूं लागलें, आणि वैमानिकास आणीबाणीच्या प्रसंगीं जादा हवा कोंबण्याची मुभा मिळाली. सव्वासहा पौंडांऐवजीं बारा पौंड. एवढ्या एका गोष्टीनें मर्लिन ३ ची शक्ति १०३० घोड्यांवरून १३१० वर गेली. इंजिनांतील एक खिळाही न बदलतां शक्ति पाव हिश्शानें वाढली, आणि तो वाढीव मार त्या दडलेल्या कडेनें सोसला. वाढविलेल्या शक्तीचीं इंजिनें बांधणाऱ्या आजच्या हौशी मंडळीचा प्रश्न हाच आहे; फरक इतकाच कीं त्या वेळीं रस्त्याच्या कडेला गाडी उभी करण्याची सोय नव्हती.

इलाज रोल्स-रॉइसला ठाऊक नव्हता असें नाहीं. हेड पुन्हां सुटें करावयाचें, लायनरच्या वरच्या टोंकास कांठ ठेवून तो हेड व ब्लॉक यांच्या मध्यें घट्ट आवळावयाचा, मध्यें मऊ धातूचें एक कडें घालावयाचें, आणि पाण्याच्या वाटा या वायूच्या सांध्यापासून वेगळ्या काढून स्वतंत्र नळ्यांनीं जोडावयाच्या. आराखडा तयार होता. पण युद्धाच्या ऐन भरांत चालूं उत्पादन थांबवून सांचे बदलण्याची कोणाची छाती होणार? लढाईला इंजिनें हवीं होतीं. गळकीं असलीं तरी आजचीं हवीं होतीं, उद्यांचीं निर्दोष नकोत. हा निर्णय आम्हांस बरोबर वाटतो, जरी त्याची किंमत कोणा ना कोणा वैमानिकानें मोजली असेल. सुटका अमेरिकेकडून झाली. १९४० च्या सप्टेंबरांत डेट्रॉइटच्या पॅकार्ड कंपनीशीं मर्लिन बनविण्याचा करार झाला. पॅकार्डला जुने सांचे मोडावयाचे नव्हते, नवेच उभारावयाचे होते. त्यामुळें त्यांनीं आरंभापासूनच दोन भागांचा ब्लॉक घेतला, आणि १९४१ च्या ऑगस्टांत त्यांचीं पहिलीं इंजिनें चालूं झालीं. मागाहून इंग्लंडांतील मर्लिन ६१ व पुढील इंजिनें त्याच घडणीचीं झालीं. या सांध्याच्या जोरावर युद्धाच्या अखेरीस हवेचा दाब पंचवीस पौंडांपर्यंत व शक्ति दोन हजार घोड्यांच्या घरांत गेली. एकंदर सुमारें दीड लक्ष मर्लिन बनलीं, त्यांपैकीं पंचावन्न हजारांहून अधिक पॅकार्डचीं. हिंदी हवाईदलाचीं जीं हरिकेनें ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलीं तींही मर्लिनवरच उडालीं.

सारांश, एकाच इंजिनानें सुटें हेड, एकसंध हेड आणि पुन्हां सुटें हेड असा फेरा केला. सांधा असावा कीं नसावा हा प्रश्न गौण ठरला. त्या सांध्यावर कोणतें काम सोंपवावें आणि तो किती घट्ट व किती सपाट धरावा, हा मुख्य ठरला. पाणी व वायु यांचे सांधे वेगळे केले, यांत खरी अक्कल होती.

युद्धानंतर साध्या मोटारींत सुटें हेड सार्वत्रिक झालें. शर्यतींत मात्र जुना वाद पुन्हां उपटला. टर्बोचें युग आलें तेव्हां पोर्शे कंपनीनें १९७८ च्या आपल्या ९३५/७८ या मोटारींत, ज्या मोटारीला तिच्या अवाढव्य आकारावरून ‘मोबी डिक’ म्हणत, हेडें सिलिंडरांना इलेक्ट्रॉनच्या झोतानें कायमचीं जोडून टाकलीं. बेंटलीनें साठ वर्षांपूर्वीं जें ओतून साधलें तें यांनीं वेल्डिंगनें साधलें. घरगुती मोटारींत ही चैन परवडणारी नव्हती, आणि तेथें एक नवीनच संकट उभें राहिलें. वजन वांचावें म्हणून बिडाच्या ब्लॉकावर अॅल्युमिनियमचें हेड बसविण्याची चाल पडली. अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. अर्धा मीटर लांबीचें हेड ऐंशी अंशांनीं तापलें तर तें खालच्या ब्लॉकापेक्षां जवळ जवळ अर्धा मिलिमीटर अधिक वाढूं पाहतें, आणि थंड झालें कीं पुन्हां आंखडतें. मधल्या पत्र्याला ही रोजची घासाघीस सोसावी लागते. मुंबईची फियाट, पुढें प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली, याच जातीची. ती १९६० नंतर सुमारें साठ वर्षें टॅक्सी म्हणून राबली आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. बोरघाटाच्या चढावर बॉनेट उघडून वाफा सोडीत उभ्या राहिलेल्या तिच्या भगिनी आमच्या पिढीनें पुष्कळ पाहिल्या आहेत. पाणी आटलेल्या इंजिनांत घाईनें थंड पाणी ओतणारे उतावळे ड्रायव्हरही पाहिले आहेत. हेड वांकडें करण्याचा याहून सोपा उपाय नाहीं.

पुढें अॅस्बेस्टॉस गेला, कारण त्याची धूळ फुप्फुसांस घातक ठरली. इंग्लंडांत १९९९ सालीं व सर्व युरोपीय संघांत २००५ सालीं त्यावर बंदी आली. त्याची जागा प्रथम ग्रॅफाइटसारख्या पदार्थांनीं, आणि १९९० नंतर स्प्रिंगच्या पोलादाचे तीन ते पांच पातळ पत्रे एकावर एक ठेवून केलेल्या गॅस्केटनें घेतली. सिलिंडराच्या तोंडाभोंवतीं या पत्र्यांना बारीक उठाव असतो, तो स्प्रिंगप्रमाणें दबून राहतो व हेड किंचित् उचललें तरी त्याच्या मागोमाग वर येतो. युक्ति फार चांगली. मात्र जुनें तांब्याचें पॅकिंग ओबडधोबड पृष्ठभागाशीं जुळवून घेई तसें हें घेत नाहीं. याला दोन्हीं पृष्ठभाग आरशासारखे लागतात. त्यांवरील खडबडीतपणा एका मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी असावा लागतो.

वाढविलेल्या इंजिनाचें अलीकडचें बोलकें उदाहरण इंग्लंडच्या रोव्हर कंपनीच्या के मालिकेचें आहे. १९८९ सालीं हें इंजिन बाजारांत आलें तेव्हां तें लहान, हलकें व खरोखर कौतुकास्पद होतें. हेड, ब्लॉक व खालचा बेअरिंगांचा सांगाडा हे सगळे थर दहा लांबलचक बोल्टांनीं एकत्र आवळलेले. ते बोल्टही किती जोर लावला यावर न आवळतां, आरंभींच्या थोड्या आवळणीनंतर दोन वेळां अर्धा अर्धा फेरा देऊन ताणावयाचे. सिलिंडराचा व्यास ७५ मिलिमीटर होता तोंपर्यंत सर्व ठीक चाललें. मग अधिक शक्तीसाठीं व्यास ८० वर नेला, इंजिन १.८ लिटरचें झालें, लायनर बारीक झाले आणि त्यांना ब्लॉकाचा आधार कमी उरला. त्यांत अंगांत पाणी थोडें, आणि थर्मोस्टॅट अशा जागीं कीं तो उघडतांच थंड पाण्याचा लोंढा तापलेल्या ब्लॉकांत शिरे. गॅस्केटें भराभर जाऊं लागलीं, व ‘हेड गॅस्केट’ हे दोन शब्द त्या मोटारीला जन्माचे चिकटले. एम्. जी. रोव्हर कंपनी २००५ च्या एप्रिलांत बुडाली; तिला बुडविणारीं कारणें अनेक व याहून मोठीं होतीं, पण गिऱ्हाइकाचा विश्वास गेला त्यांत या सांध्याचा वांटा होताच. पुढें पोलादी थरांचें गॅस्केट आणि खालीं अधिक बळकट पट्टी असा सुधारलेला संच निघाला, व त्यानें पुष्कळसें समाधान झालें. पत्रा बदलला म्हणून नव्हे. पत्र्याबरोबर पट्टीही बदलली म्हणून.

आतां आपल्या मूळच्या इंजिनकाम झालेल्या मोटारीकडे वळूं. तिचें पॅकिंग दुसऱ्यांदा गेलें असेल तर मिस्त्रीनें नवें पॅकिंग आणण्यापूर्वीं काय पाहावें? प्रथम जुनें पॅकिंगच नीट वाचावें. दोन सिलिंडरांमधील चिंचोळ्या पट्टीवर तें जळून तुटलें असेल तर दाब अनावर झाला किंवा हेड उचललें. सिलिंडराभोंवतींचें कडें ठोकून चपटें झालें असेल तर इंजिन ‘नॉक’ करीत होतें, म्हणजे मिश्रण सुखानें जळण्याऐवजीं घणाचे घाव घालीत होतें, आणि त्या घावांपुढें जगांतलें कोणतेंही गॅस्केट टिकत नाहीं. तेथें इंधन, इग्निशनची वेळ व टर्बोचा दाब तपासावा. पॅकिंगला हात लावण्यांत अर्थ नाहीं. मग सरळ पट्टी व फीलर घेऊन हेड आणि ब्लॉक दोन्हीं पाहावे. आमच्याकडे हेडचें फेसिंग हौसेनें करून घेतात, पण ब्लॉकाचें तोंड इंजिन बाहेर काढल्याशिवाय घासतां येत नाहीं म्हणून तें तसेंच राहतें. आणि वांकडेपण अर्धें त्यांतच असतें. लायनर असतील तर सगळ्यांचा कांठ ब्लॉकाच्या वर सारखा आला आहे कीं नाहीं तें मोजावें. शेवटीं बोल्ट. एकदां ताणले गेलेले बोल्ट पुन्हां वापरणें ही आमच्या कारखान्यांतली सर्वांत महागडी काटकसर आहे. बोल्टाच्या भोंकांत तेल किंवा पाणी सांचलेलें असेल तर बोल्ट त्या द्रवावर टेकतो, पाना ‘घट्ट झालें’ म्हणून सांगतो आणि हेड मात्र सैलच राहतें. कधीं कधीं ब्लॉकालाच चीर जाते. आट्या साफ, भोंकें कोरडीं, आणि आवळणी मधून सुरू करून कडांकडे, दोन तीन टप्प्यांनीं.

जुन्या तांब्या-अॅस्बेस्टॉसच्या पॅकिंगांत इंजिन एकदां तापवून व थंड करून बोल्ट पुन्हां आवळावे लागत, कारण पत्रा दबून बसे. पोलादी थरांच्या पॅकिंगला ती दुसरी आवळणी बहुधा लागत नाहीं, आणि फेऱ्यांच्या मापानें ताणलेल्या बोल्टांना तर ती अपायच करते. तरी पुष्कळ जुने हात संवयीनें दुसऱ्या दिवशीं पाना घेऊन येतात; तेव्हां मालकानें पॅकिंगच्या वेष्टनावरील कागद फेंकून न देतां तो त्यांच्यासमोर ठेवावा.